गड्डा ते गड्डा : आपल्या वर्षाचा ताळेबंद कसा मांडावा

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा आमच्याकडे गणवेशाच्या कापडाचे ताके भिंतीला लावून ठेवलेले होते. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत सहा शिलाई मशीन, एक ओव्हरलॉक, कटिंगचं एक लांब टेबल, एवढाच आमचा कारखाना. सोलापुरात गणवेशाचा धंदा करणाऱ्याला वर्षभराची भाकरी एप्रिल, मे आणि अर्ध्या जूनमध्ये मिळवावी लागते. त्या वर्षी जून आला आणि गेला, शाळा उघडल्याच नाहीत. डिसेंबरात एके संध्याकाळी मी वडिलांना म्हणाले, "अण्णा, अख्खं वर्ष वाया गेलं."

अण्णांनी चाळीस वर्षं एका चादर कारखान्यात दिवाणजी म्हणून हिशेब लिहिले होते. ते म्हणाले, "कीर्द न लिहिताच ताळेबंद काढलास होय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दोनशे पानी वही आणायला लावली. जानेवारीपासून जे जे झालं ते तारखेनं लिही म्हणाले, चांगलं-वाईट काही म्हणू नकोस. चार दिवस मी लिहीत होते. त्यात काय निघालं? आम्ही त्या वर्षी मास्क शिवून दिले होते. कामाच्या दोन बायकांना मी मोजपट्टीवरचे आकडे आणि हजेरीवही वाचायला शिकवलं होतं. लेक सायकल शिकली होती, तीही रिकाम्या रस्त्यावर, माझ्याच हाताला धरून. एरवी मे महिन्यात मी तिच्या मागे कधी धावले असते? धंद्याला खोट आली ती आलीच. ती वहीत आहे, आकड्यासकट आहे. पण "वाया गेलं" हे वाक्य त्या वहीत कुठेच बसत नव्हतं.

तेव्हापासून दर जानेवारीत मी हे करते आणि नुकतीच सहावी वही पूर्ण झाली. गेल्या दोन-तीन वर्षांत मैत्रिणी, भाच्या, कामावरच्या बायका असं बरेच जण विचारू लागले की हे नेमकं करायचं कसं. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते आहे. तुम्ही नोकरी करत असा, धंदा करत असा, शिकत असा किंवा घर सांभाळत असा, रीत तीच आहे.

आधी चार शब्द समजून घ्या

कीर्द म्हणजे घडलं त्या क्रमानं, तारखेनं केलेली नोंद. त्याच नोंदी विषयवार वेगवेगळ्या खात्यांत नेऊन लिहिल्या की ती खतावणी. सगळ्या खात्यांच्या बाक्या एकाखाली एक मांडून जमा आणि नावे जुळतात का बघायचं, ती तेरीज. शेवटी एका पानावर आपलं काय आहे आणि काय देणं लागतो ते मांडायचं, तो ताळेबंद. बहुतेक लोक वर्षअखेरीला थेट चौथ्या शब्दावर उडी मारतात, म्हणूनच त्यांचं वर्ष एकतर "मस्त" असतं नाहीतर "वाईट".

१. वर्ष कुठून कुठपर्यंत ते ठरवा

जानेवारी ते डिसेंबर हे एकच वर्ष नसतं. पगारदाराचं आणि कर भरणाऱ्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. शिक्षक आणि शाळकरी मुलांच्या आयांचं जून ते मे. पेढीवाल्यांचं दिवाळीच्या पाडव्यापासून. तुम्हाला कामाच्या धबडग्यातून जरा उसंत मिळते तो काळ वर्षाचा शेवट धरा.

माझं वर्ष गड्डा ते गड्डा. गड्डा म्हणजे आमच्या सोलापूरच्या यात्रेत भरणारी जत्रा. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा भरते. सात नंदीध्वज निघतात, शहरातल्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात आणि होम मैदानावर गड्डा लागतो. यात्रेसाठी पुण्या-मुंबईला, हैदराबादला गेलेली माणसं घरी येतात. ही माणसं या कामात फार उपयोगी पडतात, कारण आपलं वर्ष आपल्यापेक्षा त्यांना जास्त आठवतं. "मे महिन्यात फोन केला तेव्हा तू रडत होतीस" हे मला नणंदेनं सांगितलं. माझ्या वहीत त्या दिवशी फक्त "काज-बटण मशीन बंद" एवढंच होतं.

वही मी १२ जानेवारीला बंद करते. १९३१ मध्ये याच तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. अण्णा त्या दिवशी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना फुलं वाहून आल्याशिवाय जेवत नसत. ती तारीख आमच्या घरात विसरणं शक्यच नाही, म्हणून तीच धरली. तुम्हीही न विसरणारी तारीख धरा आणि वहीच्या पहिल्या पानावर "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत" असं लिहून टाका.

सावध राहा : ३१ डिसेंबरच्या रात्री हे काम करायला बसू नका. एका रात्रीत होत नाही. निदान चार बैठका लागतात, प्रत्येक तास-दीड तासाची. मी कीर्द १२ जानेवारीच्या आत संपवते, खतावणी यात्रेच्या आठवड्यात, आणि उरलेलं रथसप्तमीपर्यंत.

२. कागद आणि साधनं गोळा करा

प्रत्येकाला सगळं लागणार नाही. असेल ते काढून एका पिशवीत ठेवा :

- दोनशे पानी वही, निळा आणि लाल पेन. मोबाइलवर लिहायला हरकत नाही, पण मला पान उलटता आलं की बरं वाटतं.
- भिंतीवरचं कॅलेंडर. हा सगळ्यात मोलाचा कागद. दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख, बाई आली नाही, पाहुणे आले, सगळं त्यावर असतं. वर्ष संपलं म्हणून रद्दीत देऊ नका.
- बँकेचं पासबुक किंवा वर्षभराचं स्टेटमेंट, आणि फोनवरून केलेल्या पैशांच्या देवघेवीचा इतिहास.
- नोकरदारांसाठी पगाराच्या चिठ्ठ्या, फॉर्म १६, भविष्य निर्वाह निधीचं पासबुक.
- धंदेवाल्यांसाठी ऑर्डरबुक, बिलबुक, जीएसटीची विवरणपत्रं, उद्यम नोंदणीचा (छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) कागद. आयकराच्या पोर्टलवरचं फॉर्म २६एएस (आपल्या नावावर कापलेल्या कराची नोंद) आणि वार्षिक माहिती विवरणही उतरवून घ्या.
- दवाखान्याची फाईल, चष्म्याचा नंबर, लसीकरणाचं कार्ड.
- मुलांची प्रगतिपुस्तकं, परीक्षांची प्रवेशपत्रं, प्रवासाची तिकिटं.
- फोनमधले फोटो.

शिकणाऱ्यांनी भरलेल्या फॉर्मांच्या पावत्याही ठेवाव्यात. नापास झालात, निवड झाली नाही, तरी ती पावती वर्षात काय केलं याचा पुरावा आहे.

३. कीर्द लिहा : घडलं तसं, तारखेनं

हे सगळ्यात मोठं काम आहे आणि इथेच बहुतेक जण कंटाळतात, म्हणून सावकाश सांगते.

पहिल्यांदा वहीच्या शेवटच्या पानावर, कुठलाही कागद न बघता, वर्षातलं आठवेल ते पाच मिनिटांत लिहा आणि ते पान दुमडून ठेवा. मग कॅलेंडर उघडा, पहिला महिना घ्या आणि सुरू करा. एका नोंदीला एकच ओळ : तारीख, काय झालं, बरोबर कोण होतं. बस. "छान", "दुर्दैवानं", "एकदाचं" असे शब्द लिहायचे नाहीत. अण्णा म्हणत, कीर्दीत रुपया लिहितात, रुपयाबद्दलचं मत लिहीत नाहीत.

माझ्या ताज्या वहीतल्या काही ओळी नमुन्याला देते :

१८ जानेवारी : गड्ड्यात लेकीबरोबर पाळण्यात बसले. हे खाली उभे.
९ फेब्रुवारी : मोहोळला मावशीच्या शेतात हुरडा. घरचे सगळे.
२१ फेब्रुवारी : लेकीचा दहावीचा पहिला पेपर, मराठी. सोडायला मी गेले.
३ मार्च : सात वर्षं करत असलेल्या एका शाळेची ऑर्डर हातची गेली.
२९ एप्रिल : नवीन ओव्हरलॉक आणली. निम्मे पैसे रोख, निम्मे हप्त्यानं.
१३ मे : दहावीचा निकाल. लेक पास. मी कटिंगच्या टेबलावर होते, तिनं तिथंच येऊन सांगितलं.
७ ऑगस्ट : आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. बरोबर धाकटी जाऊ.
सप्टेंबरचा शेवटचा आठवडा : सीना नदीला पूर. मावशीच्या घरात पाणी. आम्ही चादरी, कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन गेलो.

ओळी आठवत नसतील तेव्हा काय करायचं, तर या चार जागा धुंडाळा.

बँकेचं स्टेटमेंट ओळीओळीनं वाचा. पैसे कुठे गेले ते कळतंच, पण त्या दिवशी तुम्ही कुठे होता तेही कळतं. अक्कलकोट रोडच्या पंपावर पेट्रोल भरल्याची एक नोंद सापडली आणि मला एक अख्खा दिवस परत मिळाला : त्या दिवशी मी एमआयडीसीत जाऊन पहिल्यांदा एकटीनं कापडाचा भाव ठरवून आले होते.

व्हॉट्सअॅपच्या शोधात "अभिनंदन" असं टाका. लोकांनी तुम्हाला केव्हा केव्हा अभिनंदन म्हटलं ते सगळं समोर येतं. मग "आभारी", "धन्यवाद", "पोहोचलो", "रिपोर्ट" आणि "काळजी घे" हेही शोधा. "काळजी घे" हा शब्द वर्षातले अवघड दिवस नेमके दाखवतो.

फोनमधले फोटो महिन्यावारी बघा. फोटोत मागे काय आहे तेही बघा. माझ्या एका फोटोत मागे सगळी मशीन झाकलेली दिसत होती. तो मंगळवार होता. मंगळवारी आमची सुट्टी नसते, मग आठवलं की त्या दिवशी कामावरच्या एकीच्या सासूचं मयत होतं आणि आम्ही सगळ्या गेलो होतो.

चौथी जागा म्हणजे माणसं. घरातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा : "या वर्षात माझं काय बघितलंस?" उत्तर जसंच्या तसं लिहा आणि पुढे त्यांचं नातं लिहा.

आता इथले खड्डे. ताजे दोन महिने पानंच्या पानं भरतात आणि सुरुवातीचे चार महिने दोन ओळींत आटपतात, हे हमखास होतं. म्हणून प्रत्येक महिन्याच्या किमान पाच ओळी झाल्याशिवाय पुढे जायचं नाही असा नियम ठेवा. दुसरं, दु:खाची नोंद टाळू नका आणि पाल्हाळही लावू नका. २०२३ मध्ये अण्णा गेले. त्या वर्षीच्या कीर्दीत त्याची एकच ओळ आहे, तारीख आणि "अण्णा गेले." तेवढी लिहायलाही मला एक अख्खी बैठक लागली, आणि तेवढीच पुरेशी होती. तिसरं, या वहीत दुसऱ्यांच्या आजारपणाच्या, भांडणाच्या, पैशांच्या गोष्टी येतात. वही कपाटात ठेवा.

कीर्द संपली की ते दुमडलेलं पान उघडा. आठवणीनं लिहिलेलं आणि कागदांतून निघालेलं शेजारी ठेवून बघा. माझ्या पहिल्या वर्षी आठवणीत नऊ गोष्टी होत्या, त्यातल्या सात वाईट. कीर्दीत एकशे चाळीसच्या वर ओळी निघाल्या.

४. खतावणी : खाती पाडा

आता प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या खात्यात न्यायची. माझी खाती अशी आहेत : शरीर, घर, काम, शिकणं, पैसा, माणसं, गाव. सात पुरतात. वीस खाती पाडलीत तर खतावणी पुरी होणार नाही.

"गाव" हे खातं पुराच्या वर्षी उघडलं. त्याआधी मला वाटायचं गावासाठी मी काही करत नाही, मग खातं कशाला. पण मावशीकडून परतताना वाटेत दिसलेली शेतं, चिखलात आडवी झालेली तूर, आणि आमच्या गल्लीनं गोळा केलेल्या चादरींचा टेम्पो, हे "घर" किंवा "माणसं" यांत बसेना.

कामाच्या खात्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण बायोडाटा, पगारवाढीचं बोलणं, बँकेचं कर्ज, नवीन गिऱ्हाईक, सगळीकडे हेच खातं कामी येतं. प्रत्येक नोंदीला चार गोष्टी विचारा : काय केलं, किती केलं, कुणासाठी केलं, आणि आधी काय होतं. "हिशेब सांभाळला" या ओळीत काहीच नाही. "पूर्वी मजुरीचा हिशेब दर शनिवारी दोन तास चालायचा, तो वहीची रीत बदलून अर्ध्या तासावर आणला" ही कामाची ओळ आहे. आकडा नसेल तर बदल लिहा. बदलही नसेल तर टिकवलं काय ते लिहा. पुराच्या, आजारपणाच्या किंवा मंदीच्या वर्षात सहाच्या सहा बायकांचं काम टिकवणं हा टप्पाच आहे, आणि तो कुठलंही प्रमाणपत्र सांगत नाही.

नोकरीवाल्यांची एक चूक मी फार बघते. बढती झाली तरच टप्पा, नाहीतर काहीच नाही. माझा भाचा पुण्याला असतो, हुतात्मा एक्सप्रेसनं येतो-जातो. तो म्हणाला, "मावशी, माझ्या कामाच्या खात्यावर यंदा शून्य आहे." मी त्याची कीर्द मागितली. नव्यानं आलेल्या दोन मुलांना त्यानं तीन महिने काम शिकवलं होतं, साहेब रजेवर असताना सगळा विभाग सांभाळला होता, आणि एका मुलाखतीला जाऊन नको म्हणून आला होता. नको म्हणणं हाही निर्णय आहे, तो लिहायचा.

आणि आमच्या शेजारच्या अक्का. त्या पूर्वी आमच्याच गल्लीत विड्या वळायच्या. १९ जानेवारी २०२४ ला कुंभारीच्या रे नगरात पंधरा हजार कामगारांना घरांच्या चाव्या मिळाल्या, त्यात त्यांचंही घर होतं. पुढच्या जानेवारीत त्या यात्रेला आल्या तेव्हा मी त्यांची कीर्द लिहायला बसले. त्या तेलुगूत सांगायच्या, त्यांची सून मला मराठीत. अक्का म्हणाल्या, "घर मिळालं, तेवढंच की. बाकी काय हाय लिहायला?" मी पासबुक मागितलं. मार्चपर्यंतच्या पैसे काढायच्या चिठ्ठ्यांवर अंगठा होता. जूनच्या चिठ्ठीवर सही. नातीनं शिकवलेली, थरथरती, पण सही. मी विचारलं, हे का नाही सांगितलं? त्यांना तो टप्पा वाटलाच नव्हता. "शिकणं" या खात्यात मी ती ओळ लाल शाईनं लिहिली, आणि अक्कांनी ती वही उलटी-सुलटी करून बराच वेळ बघितली.

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांची कीर्द त्यांच्याऐवजी तुम्ही लिहा. त्यांना विचारलंत तर ते काहीच सांगणार नाहीत. कागद मागा.

५. तेरीज : जुळत नाही ते शोधा

दिवाणजी लोक तेरीज जुळेपर्यंत घरी जात नसत. एक रुपया चुकत असला तरी अण्णा तो "किरकोळ" खात्यात ढकलायचे नाहीत. कुठून आला ते शोधायचे.

आपली तेरीज अशी : एका बाजूला, मला काय महत्त्वाचं वाटतं ते लिहा. दुसऱ्या बाजूला, त्या खात्यात ओळी किती आल्या ते मोजून लिहा. मग दोन्ही बाजू शेजारी ठेवून वाचा.

२०२२ च्या वहीत माझ्या "शरीर" खात्यात चार ओळी होत्या, चारही औषधाच्या दुकानाच्या. डोकेदुखीची गोळी, डोकेदुखीची गोळी, पाठीचा मलम, डोकेदुखीची गोळी. मी सगळ्यांना सांगत होते की तब्येत पहिली. ते पान बघून त्याच आठवड्यात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन आठच्या खाली होतं. इतके दिवस मी ते उन्हाचं आणि कामाचं दमणं समजत होते.

जुळलं नाही म्हणून स्वत:ला बोल लावत बसू नका. न जुळणारी जागा सापडली की तिच्यासमोर लाल फुली करा. ती पुढे लागणार आहे. "किरकोळ" नावाचं खातं मात्र अजिबात उघडू नका. सगळं नकोसं, लाजेचं, अर्धवट राहिलेलं तिथं जाऊन बसतं आणि मग कधीच बाहेर येत नाही.

६. येणं आणि देणं

येणं आधी घेऊ, ते सोपं आहे. कुणाकडून पैसे यायचे आहेत ती यादी तारखेसकट करा. छोटा धंदा असेल तर हे नक्की वाचा : उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघुउद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत, आणि करार नसेल तर पंधरा दिवसांत द्यायचे, असं सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाला तर व्याज लागतं आणि तक्रारीचीही सोय आहे. मला हे चौथ्या वहीपर्यंत ठाऊक नव्हतं. एका गिऱ्हाइकाकडे माझे शहाऐंशी हजार दीड वर्ष अडकले होते. कायद्याचं कलम लिहून साधं पत्र दिलं, आणि निम्म्याच्या वर वसूल झाले. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. तिच्यासाठी पैसे मागणारी नकली पानं बरीच आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

आता देणं. पैशांचं देणं आपल्याला झोपू देत नाही, म्हणून ते लक्षात असतं. माणसांचं देणं मात्र सहज विसरतं. कीर्दीत "बरोबर कोण होतं" हे लिहायला मी सांगितलं ते याच्यासाठी. वही पुन्हा पहिल्यापासून वाचा आणि ज्या नावाशिवाय ती ओळ घडलीच नसती त्या नावाखाली रेघ ओढा. पाच-सात नावं निघतात.

ही देणी संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत फेडायची, तिळगूळ घेऊन, घरी जाऊन. आणि मोघम आभार मानायचे नाहीत. तारीख सांगायची.

आमचे कटिंग मास्तर अबोल आहेत. मे महिन्यात ऑर्डर अंगावर आली तेव्हा ते तीन रात्री घरी गेले नाहीत, आणि जादा मजुरी विचारलीही नाही. मजुरी मी तेव्हाच दिली होती. पण संक्रांतीला त्यांच्या घरी गेले, तिळगूळ दिला आणि म्हणाले, "मास्तर, २२, २३ आणि २४ मे. या तीन रात्री तुम्ही होता म्हणून माझी दोन शाळांची ऑर्डर वेळेत गेली. माझ्या वहीत लिहिलंय." मास्तर थोडा वेळ खाली बघत राहिले. मग आतल्या खोलीकडे तोंड करून मुलाला हाक मारली. तो आल्यावर मला म्हणाले, "ताई, परत एकदा सांगा की."

ज्यांच्याकडे जाणं शक्य नाही त्यांना पत्र लिहा, निदान फोन करा. जे हयात नाहीत त्यांचं देणं त्यांच्या माणसांकडे फिटतं.

७. ताळेबंद : एकच पान

आता लिहिणं अगदी थोडं. मधोमध रेघ मारा. एका बाजूला हातात काय आलं, दुसऱ्या बाजूला काय गेलं आणि काय देणं राहिलं. प्रत्येक खात्यातून एक, फार तर दोन ओळी. पानाच्या बाहेर जायचं नाही; काय गाळायचं हे ठरवताना वर्ष नीट कळतं.

ते पान एका माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा. मी लेकीला दाखवते. यंदा ती म्हणाली, "ऑर्डर गेली ते 'गेलं' मध्ये का लिहिलंस? त्यामुळेच तर तू उन्हाळ्यात संध्याकाळी घरी असायचीस." मी ती ओळ खोडली नाही. तिचं वाक्य समोरच्या बाजूला लिहिलं.

हे पान स्टेटसला लावू नका. लोकांना दाखवायचं आहे हे एकदा मनात आलं की पुढच्या वर्षीची कीर्द खोटी होते.

८. कागद बाहेर आहेतच, तर एवढं उरकून घ्या

बँक खाती, विमा आणि निर्वाह निधीवर नॉमिनी म्हणून कुणाचं नाव लावलं आहे ते तपासा; अण्णांच्या एका खात्यावर आजीचं नाव तसंच राहिलं होतं आणि आम्हाला सहा महिने हेलपाटे पडले. कर्जाच्या नोंदींचा पूर्ण अहवाल चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षाला एकदा फुकट मिळतो, तो मागवा. पीपीएफमध्ये आर्थिक वर्षात किमान पाचशे आणि सुकन्या समृद्धीत किमान अडीचशे रुपये भरलेत का, ते ३१ मार्चच्या आत बघा. बायोडाटात कामाच्या खात्यातल्या तीन ओळी घाला. पुढच्या वर्षी शोधत बसावं लागू नये म्हणून सगळे कागद वर्षाची चिठ्ठी लावून एका पाकिटात बंद करा.

९. शिल्लक पुढे ओढा

मी संकल्प करत नाही. हिशेबात संकल्प नावाचं काही नसतं, शिल्लक असते. जुनं खातं बंद करताना जी बाकी उरते ती नव्या वहीत पहिल्या ओळीवर ओढायची. तेरजेत लाल फुल्या केल्या होत्या त्यांतल्या दोन-तीनच घ्या आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर "आरंभीची शिल्लक" असं लिहून त्याखाली मांडा. बाकीच्या जुन्या वहीत राहू द्या. पुन्हा पुढच्या वर्षी तिथेच फुली आली तर तेव्हा ओढता येईल.

माझ्या पहिल्या वहीत हे पान अण्णांनी स्वत: लिहिलं होतं. जानेवारी २०२१, मोडी वळणाचं ते टोकदार अक्षर. पैशांचा आकडा टाकण्याआधी त्यांनी एक ओळ लिहिली होती : "आरंभीची शिल्लक : घरातली सर्व माणसे."

यंदाची नवी वही मी परवा उघडली. पहिल्या पानावर लिहिलं आहे :

आरंभीची शिल्लक : आई, दोन्ही डोळ्यांनी. हे. लेक, अकरावीत. सहा मशीन, दोन ओव्हरलॉक, एक हप्त्यावर. येणं एकतीस हजार. मावशीच्या घराची मागची भिंत बांधायची आहे. मास्तरांच्या मुलाला कटिंग शिकायचंय म्हणतो, त्याला फेब्रुवारीपासून टेबलाशी उभं करायचं.